शेतकऱ्याचा शब्द आणि प्राध्यापकाचा शब्द

मृग नक्षत्राची चाहूल लागली की परभणी जिल्ह्यातील पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड या बाजारपेठांत खतांच्या दुकानांसमोर गर्दी होऊ लागते. त्या गर्दीत तीन शब्द वारंवार कानी पडतात. नत्र, स्फुरद आणि पालाश. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते असतात, माती परीक्षणाच्या अहवालात असतात आणि जेमतेम प्राथमिक शाळा पाहिलेल्या शेतकऱ्याच्या तोंडीही असतात. त्याच शेतकऱ्याचा मुलगा त्याच गावातल्या शाळेत नायट्रोजनचे चक्र पाठ करीत असतो. बापाच्या तोंडचे नत्र आणि मुलाच्या वहीतील नायट्रोजन ही एकच वस्तू आहे, हे मात्र त्या दोघांपैकी कोणालाही आवर्जून सांगितले जात नाही. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण होतो, बाप शेतात खत टाकतो आणि एकाच घरात विज्ञानाच्या दोन भाषा एकमेकींना न ओळखता नांदतात.

हा प्रश्न वरकरणी लहान वाटेल. दोन शब्दांच्या भेदाने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजात ज्ञान निर्माण करणाऱ्याचा शब्द एक आणि ते ज्ञान राबविणाऱ्याचा शब्द दुसरा असतो, त्या समाजात ज्ञानाचा ओघ मध्येच अडतो. याचे उलट उदाहरण पाहायचे असेल, तर रसायनशास्त्रात एकेकाळी जगाचे गुरुपद भूषविणाऱ्या जर्मनीकडे पाहावे लागेल. त्या देशाने आपली रासायनिक परिभाषा कशी घडविली, याचा इतिहास मराठी माणसाने अभ्यासावा इतका बोलका आहे.

आधुनिक रसायनशास्त्राची परिभाषा जन्मली ती फ्रान्समध्ये. १७८७ साली लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नव्या नामपद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूलद्रव्याच्या नावातून त्याचा गुण कळावा आणि संयुगाच्या नावातून त्याचे घटक कळावेत, हे तिचे सूत्र होते. जर्मनीत या नव्या विचाराला प्रथम विरोध झाला. ज्वलनाची जुनी फ्लोजिस्टॉनची उपपत्ती श्टाल या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध होती आणि तिला धक्का देणारा फ्रेंच होता. स्वदेशाभिमान दुखावण्यास एवढे कारण पुरेसे असते. परंतु १७९२ साली बर्लिनच्या अकादमीत क्लाप्रोट याने लाव्हाझिएचे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि ते खरे ठरताच ते मान्य केले. त्याच सुमारास, १७९१ साली, गिर्टानर याने नव्या संज्ञांची जर्मन भाषेसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली आणि पुढच्याच वर्षी हेर्मष्टेट याने लाव्हाझिएच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद केला. सत्य परक्याचे आहे म्हणून जर्मनांनी नाकारले नाही. शब्द परक्याचा आहे म्हणून तो जसाच्या तसा उचललाही नाही.

त्यांनी जे शब्द घडविले ते आजही जसेच्या तसे वापरात आहेत. ऑक्सिजनला ते म्हणतात झाउअरश्टोफ. झाउअर म्हणजे आंबट आणि श्टोफ म्हणजे द्रव्य. हायड्रोजन म्हणजे वासरश्टोफ, पाण्याचे द्रव्य. कार्बन म्हणजे कोलेनश्टोफ, कोळशाचे द्रव्य. नायट्रोजन म्हणजे श्टिकश्टोफ, जीव गुदमरविणारे द्रव्य, कारण त्या वायूत ज्योत विझते आणि प्राणी तग धरत नाही. आंबट, पाणी, कोळसा, गुदमरणे हे शब्द जर्मन मूल आईच्या मांडीवर शिकते. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतील बाटलीवरचे नाव वाचताना त्याला शब्दकोश उघडावा लागत नाही. गंधकाच्या आम्लाला ते श्वेफेलझॉयर म्हणतात आणि आपले गंधकाम्ल ही नेमकी तीच घडण आहे. मूलद्रव्याला ते ग्रुंडश्टोफ म्हणतात. ग्रुंड म्हणजे मूळ आणि श्टोफ म्हणजे द्रव्य. दोन दूरच्या भाषा एकाच मार्गाने एकाच शब्दापर्यंत पोहोचल्याचे याहून सुंदर उदाहरण विरळाच.

आपल्याकडे परिभाषेचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास घेतला जातो. नायट्रोजन, ऑक्सिजन हे आंतरराष्ट्रीय शब्द आहेत, ते बदलू नयेत, असा तो आक्षेप. वस्तुस्थिती काय आहे? ज्याला आपण आंतरराष्ट्रीय म्हणतो तो नायट्रोजन हा शब्द १७९० साली शाप्ताल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचविला, आणि खुद्द फ्रेंच लोक आजही आझोत म्हणतात. रशियनांनी आझोत स्वीकारला, पण ऑक्सिजनला किस्लोरोद आणि हायड्रोजनला वोदोरोद असे आपले शब्द घडविले. जपानमध्ये १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या रसायनग्रंथात उदागावा योआन या पंडिताने डच शब्दांच्या आधारे नव्या संज्ञा रचल्या आणि ऑक्सिजनचा जपानी सान्सो हा शब्दही आम्लद्रव्य याच अर्थाचा आहे. जगात समान आहे ती खूण. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१३-१४ च्या सुमारास रूढ केलेली एन्, ओ, एच्, सी ही चिन्हे सर्वांची आहेत. जर्मन विद्यार्थी तोंडाने झाउअरश्टोफ म्हणतो आणि समीकरणात ओ लिहितो. नाव घरचे आणि खूण जगाची, ही त्यांची व्यवस्था. तिच्यामुळे जर्मनी जगापासून तुटला नाही. उलट, जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना जर्मन शिकावे लागले. कार्बनी संयुगांचा बाइलश्टाइन हा महाकोश १८८० च्या दशकापासून सुमारे शंभर वर्षे जर्मन भाषेतच निघत होता.

जर्मन परिभाषेचा दुसरा प्रवाह विद्वानांच्या अभ्यासिकेतून आलाच नाही. तो आला सॅक्सनीच्या खाणींतून. चांदीच्या शोधात डोंगर फोडणाऱ्या खाणकामगारांना काही धातुके फसवीत. दिसायला मौल्यवान, पण भट्टीत घातली तर हाती काहीच लागू नये, वर विषारी धूर निघावा. भुताखेतांनी खरी धातू पळविली असे मानून त्यांनी एका धातुकाला कोबोल्ट या खट्याळ पिशाच्चाचे नाव दिले, तर तांब्यासारख्या दिसणाऱ्या पण तांबे न देणाऱ्या दुसऱ्याला कुप्फरनिकेल म्हटले. पुढे त्यांतून वेगळे झालेले धातू कोबाल्ट आणि निकेल याच नावांनी जगाने स्वीकारले. टंगस्टनचे चिन्ह डब्ल्यू आहे, कारण जर्मन त्याला वोल्फ्राम म्हणतात. अडाणी मानल्या गेलेल्या खाणकामगाराच्या तोंडचा शब्द प्राध्यापकाने हिणकस ठरविला नाही. तो उचलून मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत बसविला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. झाउअरश्टोफ हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या चुकीचा आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, अशी लाव्हाझिएची समजूत होती. १८१० च्या सुमारास डेव्हीने दाखवून दिले की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो. शब्दाचा पाया ढासळला, पण शब्द टिकला, कारण तोवर तो शाळेत, कारखान्यात आणि बाजारात रुळला होता. परिभाषेचा निर्णय व्युत्पत्तीच्या शुद्धतेवर होत नाही, वापरावर होतो. परिभाषेच्या नावाने आपल्याकडे झालेल्या अनेक वादांत नेमके हेच भान सुटले.

आता आपल्याकडे वळू. जर्मन रसायनशास्त्राशी भारताचे नाते शब्दांपुरते तरी फार जुने आहे. १८४० साली फ्रिट्शे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून एक तेलकट द्रव मिळविला आणि त्याला अनिलीन हे नाव दिले. हे नाव संस्कृत नील शब्दाचे. तो अरबी भाषेतून पोर्तुगिजांकडे जाऊन अनिल झाला आणि तेथून जर्मन प्रयोगशाळेत शिरला. १८६५ साली स्थापन झालेल्या बीएएसएफ या बलाढ्य कंपनीच्या नावातील ए हे अक्षर याच अनिलीनचे. जर्मन माणूस साखरेला त्सुकर म्हणतो, तोही आपल्या शर्करेचाच प्रवासी वंशज. मेंडेलेएव्हने १८७१ साली आपल्या सारणीतील रिकाम्या जागांना नावे देताना संस्कृतातील एक आणि द्वि ही पदे वापरली. त्याने वर्तविलेले एक-सिलिकॉन १८८६ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे विंक्लरला सापडले आणि त्याने त्याचे नाव ठेवले जर्मेनियम.

या कथा सांगताना छाती फुगते, हे स्वाभाविक आहे. पण कथेचा उत्तरार्धही सांगायला हवा. बायर या जर्मन शास्त्रज्ञाने निळीची रासायनिक रचना उलगडली आणि बीएएसएफने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. पुढील काही वर्षांतच भारतातील नीळ-लागवडीचा व्यापार कोसळला. मळेवाल्यांच्या जुलमाखाली ज्या पिकाने आपल्या शेतकऱ्याचे रक्त शोषले, ते पीक गेले याचे दुःख कोणी करू नये. परंतु शब्द आमचा, वनस्पती आमची, रंगाची विद्या शतकानुशतके आमची आणि अखेर त्या द्रव्याचे शास्त्र व कारखाना मात्र त्यांचा, हे कसे घडले याचा विचार करायला हवा. आपल्या शब्दाने जग फिरून यावे, यात गौरव आहे. तो शब्द घेऊन पुढचे पाऊल दुसऱ्याने टाकावे, यात आपल्याला इशारा आहे. व्युत्पत्तीच्या अभिमानाने प्रयोगशाळा उभी राहत नाही.

स्वभाषेत परिभाषा घडविण्याचा वारसा महाराष्ट्राला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश हा त्या परंपरेचा मानबिंदू. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिनांक, महापौर, हुतात्मा यांसारखे जे शब्द रूढ केले, ते आज त्यांच्या विरोधकांच्याही लेखणीतून सहज उतरतात. रसायनशास्त्रातही मराठी मागे नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानाची पाठ्यपुस्तके मराठीत लिहिली. एकेकाळी मराठी शाळांतून प्राणवायू, उज्ज, नत्र, कर्ब हे शब्द शिकविले जात आणि कार्बन डायऑक्साइडला कर्बद्विप्राणिद म्हणत. शब्द अवघड वाटेल, पण त्यात कर्ब किती आणि प्राणवायू किती हे नावातूनच कळते. लाव्हाझिएला हेच तर हवे होते.

परभणीच्या वाट्याला मात्र या प्रवाहाचा लाभ उशिरा आला. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, परंतु माध्यमिक आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादेत १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि उस्मानिया विद्यापीठात विज्ञानापासून वैद्यकापर्यंतचे विषय उर्दूतून शिकविले जाऊ लागले. शास्त्रीय संज्ञा कशा घडवाव्यात यावर वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भारतीय भाषेतून विद्यापीठीय विज्ञान शिकविता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु परभणीच्या मराठी मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होता? त्याच्या घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी. हिप्परग्यासारख्या राष्ट्रीय शाळा मराठवाड्यात उभ्या राहिल्या, त्यामागे ही वेदनाही होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्याला शाळेत मराठी मिळाली. ती मिळविण्यासाठी ज्यांनी मोल मोजले, त्यांच्या नातवंडांपुढे आज पुन्हा घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी अशी स्थिती यावी, हा काळाचा विपर्यास होय.

स्वातंत्र्यानंतर परिभाषेचे सर्वांत भव्य कार्य केले ते आचार्य रघुवीर यांनी. नागपूर येथे राहून त्यांनी हजारो संज्ञा संस्कृत धातूंवरून सिद्ध केल्या. ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार, हायड्रोजनला उदजन. पुढे भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झालेले आणि १९६३ साली अपघातात अकाली निधन पावलेले हे विद्वान केवळ शब्दांचे कारागीर नव्हते. सर्व भारतीय भाषांना एकच शास्त्रीय परिभाषा मिळावी, ही त्यांची राष्ट्रीय दृष्टी होती. त्यांच्या संज्ञांची पुष्कळ टिंगल झाली आणि टिंगल करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कोश उघडूनही पाहिला नव्हता. तरीही आदराने एक सत्य नोंदवावे लागेल. जारक आणि भूयाति रुजले नाहीत. शब्द कोशात आले, पण त्यांच्या मागोमाग पाठ्यपुस्तक आले नाही, प्रयोगशाळा आली नाही, कारखान्याच्या बाटलीवर ते छापले गेले नाहीत. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने मूलद्रव्यांची प्रचलित पाश्चात्त्य नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचाही परिभाषा कोश सिद्ध केला. शालेय पुस्तकांत मूलद्रव्य, संयुग, अणू, रेणू, आम्ल, आम्लारी हे मराठी शब्द टिकले, मात्र मूलद्रव्यांची नावे इंग्रजी वळणाची झाली. भारतीय भाषांतील विसंवादही राहिलाच. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण आणि हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू. आचार्य रघुवीरांना जी एकवाक्यता हवी होती, तिचे महत्त्व अशा वेळी कळते.

आणि नेमक्या याच काळात, कोणाच्या फारसे लक्षात न येता, शेतीच्या क्षेत्रात मराठी परिभाषा रुजली. नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीची घडण पाहण्यासारखी आहे. नत्र हा शब्द ग्रीकांच्या नित्रोन या क्षारवाचक शब्दाच्या ध्वनीशी जुळतो. नायट्रोजनचे मूळही तेच. म्हणजे शब्द जगाच्या कुळातला, पण मराठीच्या जिभेवर बसलेला. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. १६६९ साली हांबुर्गच्या हेनिग ब्रांट याला अंधारात चमकणारे द्रव्य मिळाले आणि त्याला प्रकाश वाहणारा या अर्थाचे फॉस्फरस हे ग्रीक नाव रूढ झाले. मराठीने स्फुर् म्हणजे चमकणे या धातूशी नाते सांगणारा शब्द केला, ज्यात अर्थही आला आणि फॉस्फरसच्या ध्वनीची सावलीही राहिली. पालाशाचे नाते पळसाशी उघड दिसते. पळसाच्या राखेपासून काढलेला पलाशक्षार आयुर्वेदाला ठाऊक आहे आणि सुश्रुतसंहितेत क्षार करण्याजोग्या वृक्षांत पळसाची गणना आहे. पोटॅश या शब्दाचा अर्थ भांड्यातली राख आणि जर्मनांच्या कालियमचे मूळ राखेचाच अर्थ असलेल्या अरबी शब्दात. जगाने राखेवरून नाव ठेवले आणि आपणही राखेवरूनच, फक्त आपली राख मराठवाड्याच्या माळावर फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाची.

हे शब्द रुजले कसे? परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. विद्यापीठाच्या शिफारशी, कृषी विभागाची पत्रके, आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम, दुकानदाराचा सल्ला आणि शेतकऱ्याचा अनुभव या साऱ्यांतून एकच शब्द फिरत राहिला. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश द्यावे, ही शिफारस मराठवाड्याच्या शेतकऱ्याला समजते. सेंद्रिय कर्ब हा शब्द त्याला समजतो. मातीचा सामू किती आहे, हे तो विचारतो. पाठ्यपुस्तकातून हद्दपार झालेला कर्ब बांधावर जिवंत आहे, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनी डोळे उघडून पाहावी अशी आहे.

या शब्दांचा लाभ केवळ भावनिक नाही. युरिया आणि डीएपी ही गोणीची नावे आहेत, तर नत्र आणि स्फुरद ही पिकाच्या अन्नाची. ज्याच्याजवळ केवळ गोणीचे नाव आहे, तो दुकानदार देईल ते घेतो. ज्याच्याजवळ अन्नाचे नाव आहे, तो हिशेब करतो. १३० किलो डीएपीतून सुमारे ६० किलो स्फुरद आणि २३ किलो नत्र मिळते. उरलेल्या सुमारे ७ किलो नत्रासाठी साधारण १५ किलो युरिया पुरतो. ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीत २० किलोंहून अधिक नत्र असते, हे ज्याला कळते तो गरज नसताना दुसरी गोणी फोडत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसे आणि नत्र कमी असते, हे माती परीक्षणाच्या अहवालातून वाचणारा शेतकरी आपल्या खिशाचे आणि जमिनीचे दोन्हींचे रक्षण करतो. २०१५ पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिका दिल्या जात आहेत आणि २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्या भारत या एकाच नावाने विकल्या जाऊ लागल्या. कंपनीच्या नावाची मोहिनी ओसरल्यावर निवड करायची ती घटकांवरूनच. अशा वेळी शब्द हेच शेतकऱ्याचे साधन आहे.

हेच जर्मनीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडले. लीबिग याने १८४० साली शेतीच्या रसायनशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५१ साली लाइप्झिशजवळ म्योकर्न येथे कृषी संशोधन केंद्र उभे राहिले. केंद्रातील शास्त्रज्ञ श्टिकश्टोफ म्हणे, शाळेतला शिक्षक श्टिकश्टोफ म्हणे आणि शेतकरीही श्टिकश्टोफच म्हणे. हवेतील नायट्रोजन बांधून खत करण्याची क्रांतिकारक रीत हाबरने १९०९ साली दाखविली आणि बीएएसएफने १९१३ साली तिचा कारखाना सुरू केला, तेव्हा प्रयोगशाळेपासून शेतापर्यंत त्या द्रव्याचे नाव एकच होते. ज्या वर्गखोलीतून शास्त्रज्ञ निघतात, तिच्यातच शेतकऱ्याचे आणि कामगाराचेही मूल बसलेले असते. त्या सर्वांना एक शब्द मिळाला, तर त्यांतला कोणता मुलगा पुढे कोण होईल, हे भाषा ठरवीत नाही.

आपल्याकडे मात्र साखळीची कडी मध्येच तुटली आहे. शाळेत नायट्रोजन, तोही आता अनेक मराठी शाळांत सेमी-इंग्रजीच्या नावाखाली इंग्रजीतून. कृषी पदवीचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून. त्या पदवीधराने शेतकऱ्यासमोर उभे राहताच एकाएकी नत्राची भाषा बोलावी, अशी आपली अपेक्षा. जो चांगला विद्यार्थी असतो तो दोन्ही भाषा जोडतो. पण ही जोडणी व्यवस्थेने करायची असते, ती विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडायची नसते.

उपाय अवघड नाहीत आणि त्यासाठी नायट्रोजन शब्दावर बहिष्कार घालण्याचीही गरज नाही. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कार्बन ही नावे प्रथम येतील तेथे त्यांच्या शेजारी नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब छापले जावेत. खताच्या गोणीवरील स्फुरद आणि पालाश यांचे आकडे शुद्ध मूलद्रव्याचे नसून संकेताने त्यांच्या ऑक्साइडचे असतात, हे दहावीच्या मुलाला गणितासह शिकवावे. डीएपीतील ४६ टक्के स्फुरद म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २० टक्के फॉस्फरस. असे एक उदाहरण सोडविणारा मुलगा रसायनशास्त्र आणि आपली शेती ही दोन्ही एका बैठकीत शिकेल. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला माती परीक्षणाचा अहवाल मराठीत समजावून सांगण्याची परीक्षा द्यावी लागावी. परिभाषा समित्यांवर भाषापंडितांबरोबर अनुभवी शिक्षक, कृषी विस्तार कार्यकर्ते आणि शेतकरी बसावेत, कारण सॅक्सनीच्या खाणकामगारासारखा नवा शब्द त्यांच्याच तोंडून येण्याची शक्यता अधिक. संशोधनासाठी इंग्रजी लागेल आणि ती उत्तमच यायला हवी. पण इंग्रजी ही ज्ञानाची खिडकी असावी, घराचा उंबरठा नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. अभिजात म्हणजे केवळ प्राचीन नव्हे. जी भाषा कालच्या ग्रंथांचा अर्थ सांगते आणि उद्याच्या ज्ञानाला नाव देते, ती अभिजात. गोदावरीच्या काठी जन्मलेल्या जनाबाईंनी दळणकांडणाच्या शब्दांत अध्यात्म सांगितले, तेव्हा पंडितांच्या भाषेचे ज्ञान जात्यापर्यंत पोहोचले. विज्ञानाचे ज्ञान बांधापर्यंत पोहोचविण्याचे काम त्याच मातीत तीन साध्या शब्दांनी सुरू केले आहे. ते शाळेच्या फळ्यावर नेऊन पूर्ण करणे शासन, विद्यापीठे, शिक्षक आणि पालक या आपल्या सर्वांच्या हाती आहे. जून महिन्यात शाळा आणि पेरणी एकदमच सुरू होतात. यंदा विज्ञानाच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला मुलांना खताच्या गोणीवरचे आकडे लिहून आणायला सांगावेत आणि फळ्यावर नायट्रोजनच्या शेजारी नत्र लिहावे. एवढ्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.